सुटे खडे, हरवलेली अक्षरे

जयपूरच्या जोहरी बाजारात पाचूची अंगठी घेतली, तर पावतीवर एकच शब्द दोनदा भेटतो. सोने अठरा कॅरटचे आणि खडा दोन कॅरटचा. पहिला कॅरट शुद्धता सांगतो, दुसरा वजन. सोन्याचे चोवीस भाग मानले आणि त्यांतले अठरा खऱ्या सोन्याचे, उरलेले सहा दुसऱ्या धातूंचे, तर ते सोने अठरा कॅरटचे. खड्याचा एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. अमेरिकी इंग्रजीत शुद्धतेच्या कॅरटचे स्पेलिंग 'के'पासून सुरू होते आणि वजनाच्या कॅरटचे 'सी'पासून. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे 'सी' चालतो. भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कवर '22 के 916' अशी खूण असते, म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेच्या बाजूला. मराठीत मात्र दोन्ही 'कॅरट'च.

मुरलेला जवाहिऱ्या यात अडखळत नाही. अडखळतो तो त्याच्या दुकानात नुकताच लागलेला, परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहायला बसवलेला मुलगा. त्याने सोन्याचा कॅरट पाचूला चिकटवला आणि स्पेलिंगही 'सी'चे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोराएवढा पाचू उभा राहतो. पुढे जो पत्रव्यवहार होतो त्याला व्याकरणाचा वाद म्हणता येत नाही. तो पैशांचा वाद असतो.

इंग्रजी शिकणाऱ्याला चकवणाऱ्या शब्दजोड्यांची प्रस्तावना जयपूरपासून सुरू करण्याचे कारण एवढेच, की या शहरात इंग्रजी केवळ वर्गात शिकली जात नाही. खडे घासणारे, कापड छापणारे, किल्ला दाखवणारे, रजया विकणारे असे हजारो लोक तिथे रोज इंग्रजी वापरतात आणि त्यांतल्या अनेकांनी ती गिऱ्हाइकांकडूनच उचललेली असते. परीक्षेत चुकलेल्या शब्दाचा एक गुण जातो. बाजारात चुकलेल्या शब्दाची किंमत वेगळी.

आधी कॅरटचीच गोष्ट पुरी करायला हवी, कारण अशा जोड्या कशा जन्माला येतात हे ती चांगले दाखवते. भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोब नावाचे शेंगांचे झाड होते. त्याच्या बियांना ग्रीक लोक 'केरातियोन' म्हणत आणि ते बी वजनाला वापरत. अरबीत त्याचे 'किरात' झाले आणि युरोपात परतताना कॅरट. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात 'सॉलिडस' हे सोन्याचे नाणे काढले, ते अशा 24 बियांच्या वजनाचे होते. म्हणून चोविसावा हिस्सा हे सोन्याच्या शुद्धतेचे माप ठरले आणि बियाचे वजन हे खड्याचे माप राहिले. एका बियाला दोन कोंब फुटले. आपल्याकडे हेच काम गुंजेने केले: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. जयपूरचे जुने व्यापारी तिलाच रत्ती म्हणतात आणि ग्रहांचे खडे अजूनही रत्तीत विकले जातात. गुंजेचे वजन जसे गावागणिक थोडे इकडेतिकडे, तसेच कॅरटचेही होते. लंडनचा कॅरट वेगळा आणि फ्लॉरेन्सचा वेगळा. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 1907 मध्ये 200 मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरट मान्य केला, तेव्हा कुठे हा घोळ निस्तरू लागला. स्पेलिंगचा घोळ मात्र अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात तसाच राहिला. म्हणजे जयपूरचा तो मुलगा ज्यात अडखळतो, त्यावर इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांचेही एकमत नाही.

रत्नांच्या धंद्यातली दुसरी जोडी याहून साधी आणि म्हणून जास्त धोक्याची. दागिन्यात न जडवलेल्या सुट्या खड्यांना इंग्रजीत 'लूस' स्टोन म्हणतात, त्यात दोन 'ओ'. एक 'ओ' गाळला की शब्द होतो 'लूझ', म्हणजे हरवणे, गमावणे. सुटे खडे विकणाऱ्याने पाटीवर एकच 'ओ' लिहिला तर तो आपला माल हरवल्याची जाहिरात करतो. खरी गंमत उच्चारात आहे. सुट्या वस्तूच्या शब्दाचा शेवट 'स'ने होतो, पण हिंदीत आणि मराठीत तो सर्रास 'लूज' असाच रुळला. ढिल्या स्क्रूलाही आपण लूज म्हणतो आणि पोट बिघडल्यावरही तोच शब्द वापरतो. म्हणजे एका शब्दाचा उच्चार दुसऱ्याला देऊन बसलेला माणूस स्पेलिंगही अदलाबदल करणार, हे ओघानेच आले. त्यात इंग्रजीही मदत करत नाही. निवडणे या अर्थाच्या 'चूझ'मध्ये दोन 'ओ' आहेत आणि तिथे शेवटी 'झ'च म्हणायचा असतो. नियम शोधणाऱ्याने कुठे जावे?

तिसरी जोडी उच्चारात अजिबात सारखी नाही. 'सिंथेटिक' आणि 'इमिटेशन' हे शब्द कानाला दूरचे, पण बोलताना दोन्ही 'नकली' या एकाच खणात पडतात. रत्नशास्त्रात ते कडेकोट वेगळे आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेले माणिक सिंथेटिक असते. त्याचे रसायन खाणीतल्या माणकाचेच, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि त्याला लाल रंग देणारे क्रोमियम. ऑग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ते बनवण्याची रीत जाहीर केली. इमिटेशन म्हणजे नुसते तसे दिसणारे काहीही, अगदी लाल काचही. मराठीतही 'कृत्रिम' आणि 'नकली' हा भेद आहे, पण बाजारात तो पाळला जात नाही. जयपूरमध्ये 1972 पासून रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा आहे. कोलंबिया, झांबिया, ब्राझील इथून आलेला पाचू शहरात घासला जातो, आणि खडा नैसर्गिक की सिंथेटिक हे तपासून तिथे प्रमाणपत्र मिळते. त्या कागदावरच्या एका विशेषणाने किमतीत जमीनअस्मानाचा फरक पडतो. समानार्थी म्हणून पाठ केलेले शब्द प्रत्यक्षात समानार्थी नसतात, हे शिकायला याहून महागडी शाळा नाही.

आता लिपीकडे. इंग्रजी शब्द देवनागरीत आला की त्याचे स्पेलिंग गळून पडते आणि उच्चार तेवढा उरतो. जयपूरच्या टॅक्सीवाल्याकडे 'साइट सीइंग'चे दरपत्रक असते. मराठी पर्यटकही 'साइट सीइंग'च म्हणतो आणि देवनागरीत ते शंभर टक्के बरोबर आहे. पण प्रेक्षणीय दृश्य, एखादे स्थळ आणि संदर्भ देणे, या तीन अर्थांचे तीन इंग्रजी शब्द देवनागरीत एकाच 'साइट'मध्ये राहतात. जयपूरचे तटबंदीतले जुने शहर 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, ते स्थळ म्हणून. ते पाहायला निघालेला माणूस दृश्य पाहायला जातो, तो 'जी-एच'वाला शब्द. टॅक्सीच्या काचेवर हेच रोमन अक्षरांत लिहायची वेळ आली, की स्थळाचा शब्द दृश्याच्या जागी बसतो. देवनागरीत जी चूक नव्हतीच, ती रोमनमध्ये परतताना जन्म घेते. 'सेल'चेही तसेच. दुकानातला सेल, विकण्याची क्रिया, घड्याळातला सेल आणि तुरुंगातली कोठडी हे सगळे मराठीत एकाच मात्रेवर निभावते.

हिंदी आणि मराठी दोघींची लिपी देवनागरी असली, तरी शब्द गळतात ते वेगवेगळ्या जागी. मराठीने इंग्रजीसाठी 'ॲ'चा चंद्र वापरात आणला, म्हणून आपण 'बँक', 'पॅलेस' लिहितो. हिंदीत तिथे 'ऐ'ची मात्रा येते: 'बैंक', 'सिटी पैलेस'. हिंदी माणूस त्या मात्रेचा उच्चार इंग्रजीच्या जवळपास करतो. मराठी डोळ्याला मात्र ती 'अइ' अशी दिसते आणि सिटी पैलेसच्या दारात तो क्षणभर थबकतो. उलट बाजूने, हिंदी पाटी रंगवणाऱ्याने दोन मात्रांपैकी एक कमी दिली, की 'स्नैक्स'चे 'स्नेक्स' होते आणि हॉटेलात साप मिळू लागतात. असल्या पाट्यांचे फोटो काढून हसणे हा आता व्हॉट्सॲपवरचा बारमाही उद्योग आहे. त्यात फारसे कौतुक करण्यासारखे काही नाही. पाटी रंगवणाऱ्याला दोन लिप्या येतात, हसणाऱ्यांपैकी कित्येकांना एकच धड येत नाही.

शिवाय मराठी माणसाने या प्रकाराला नवे म्हणू नये. शाळेत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी, 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' तर सर्वांना ठाऊक, हे सगळे त्याने घोकलेले असते. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक कागदावर पक्का आहे, पण बोलताना मराठी जीभ तो फारसा जपत नाही. म्हणूनच इंग्रजीतले जहाज आणि मेंढी, जगणे आणि सोडून जाणे, भरणे आणि वाटणे या जोड्या त्याच्या तोंडी एक होतात. 'शिप' आणि 'शीप' लिहिताना चूक होत नाही, बोलताना होते. कॅरटच्या बाबतीत बरोबर उलटे.

जवाहरलाल नेहरू मार्गावरून जाताना जयपूर मराठी माणसाला आणखी एक धक्का देते. तिथे 'शिक्षा संकुल' नावाची मोठी सरकारी इमारत आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे काय ते सांगायला नको. 'राजीनामा' हिंदीत तडजोडीचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. 'चेष्टा' तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. एकाच लिपीतल्या, एकमेकींना खेटून राहणाऱ्या दोन भाषांत इतके चकवे असतील, तर सातासमुद्रापलीकडच्या भाषेत ते असणारच.

इंग्रजीतले चकवे बरेचसे तिने स्वतःच घातलेले आहेत. पीठ आणि फूल या अर्थांचे शब्द घ्या. दोन्हींचा उच्चार 'फ्लॉवर'च्या जवळपास. ते मुळात दोन शब्दच नव्हते. दळलेल्या धान्याचा सर्वांत उत्तम भाग म्हणजे धान्याचे 'फूल', असा तो अर्थ होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पिठासाठीही फुलाचे स्पेलिंग चाले. धातू या अर्थाचा 'मेटल' आणि हिंमत या अर्थाचा 'मेटल' हेही एकेकाळी एकच. 'डिस्क्रीट'ची दोन स्पेलिंगे, एक तारतम्याने वागणाऱ्याचे आणि दुसरे सुटेपणाचे, एकाच लॅटिन शब्दाची दोन पिल्ले आहेत. स्टेशनरीची कथा तर बाजारातलीच. मध्ययुगात फिरते विक्रेते असत आणि विद्यापीठांच्या आसपास एका जागी दुकान मांडून पुस्तके विकणारे असत. या दुसऱ्यांना 'स्टेशनर' म्हणत, म्हणजे ठाण मांडून बसणारा. त्याच्या दुकानातल्या मालाचे नाव 'ई'ने लिहितात आणि एका जागी स्थिर असण्याचे विशेषण 'ए'ने. शिक्षक मुलांना सांगतात, पाकिटाच्या 'एन्व्हलप'मधला 'ई' लक्षात ठेवा. युक्ती उपयोगी आहे, पण दोन्ही शब्दांत तो थांबलेला दुकानदार आहे हे सांगितले, तर युक्तीची गरज कमी पडते.

इंग्रज लोक स्वतः यात पारंगत असतात असा समज असेल, तर तो सोडावा. एच. डब्ल्यू. फाउलर यांचा इंग्रजी लेखनव्यवहारावरचा प्रसिद्ध कोश 1926 मध्ये निघाला, तो इंग्रजांसाठीच होता. त्यात जोड्या आणि सापळे अशा नावाची एक खास नोंद आहे. शेरिडनच्या 'द रायव्हल्स' या 1775 च्या नाटकातली मिसेस मॅलाप्रॉप तर मोठमोठे शब्द चुकीच्या जागी फेकत नाटकभर वावरते आणि तिच्या नावावरून अशा चुकांना इंग्रजीत नावच पडले. प्रेक्षक तिला हसत, कारण ती चूक त्यांच्या ओळखीची होती.

सांगानेरला हा इतिहास कापडावर उतरलेला दिसतो. जयपूरच्या दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला असलेले हे गाव पांढऱ्या जमिनीवरच्या बारीक फुलांच्या छपाईसाठी ओळखले जाते. पश्चिमेचे बगरू मातीच्या लेपाने रंग अडवणाऱ्या दाबू छपाईसाठी. बगरूचा काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून करतात, लालसाठी फटकडी लागते. रंगवण्याच्या कामाला इंग्रजीत 'डाइंग' म्हणतात आणि मरण्यालाही. रंगाच्या शब्दात 'वाय'नंतरचा 'ई' ठेवायचा, मरणाच्या शब्दात तो नाही. तो 'ई' विसरलेला छापखानेवाला आपल्या माहितीपत्रकात नैसर्गिक रंगाईऐवजी नैसर्गिक मृत्यूची कला विकतो. पण त्याला हसण्यापूर्वी एवढे जाणून घ्यावे, की अठराव्या शतकात हा भेद इंग्लंडमध्येही ठरलेला नव्हता. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात दोन्ही शब्द 'आय-ई'ने लिहिले, तर जोसेफ ॲडिसन दोन्ही 'वाय-ई'ने लिहीत असे. कोशकार आणि निबंधकार दोघेही, आजच्या हिशेबाने, एकेका शब्दात नापास. मराठीतही केसांना लावायचा डाय आणि कारखान्यातला साच्याचा डाय एकत्र नांदतात. आयटीआयमध्ये डाय मेकरचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलाला कुणी केस रंगवायला सांगत नाही, कारण संदर्भ त्याच्या हातात असतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

जयपूरची सर्वांत प्रसिद्ध गोंधळलेली जोडी मात्र दगडात बांधलेली आहे. जंतर मंतर पाहणाऱ्यांपैकी अनेक जण, आणि कधीकधी दाखवणारेही, तिथल्या यंत्रांचा संबंध 'ॲस्ट्रॉलॉजी'शी जोडतात. हवा असतो तो 'ॲस्ट्रॉनॉमी' हा शब्द. सवाई जयसिंग दुसरा याने बांधलेली ही वेधशाळा 1734 च्या सुमारास पूर्ण झाली आणि 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. तिथले सम्राट यंत्र 27 मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते आणि दोन सेकंदांपर्यंतची स्थानिक वेळ त्यावर वाचता येते. हे काम मोजमापाचे, भविष्याचे नाही. तरी गोंधळ का होतो? एक कारण तिथेच उभे आहे: राशिवलय नावाची बारा यंत्रे, एकेका राशीसाठी एकेक. दुसरे कारण आपल्या भाषेत आहे. 'ज्योतिष' या जुन्या शब्दात गणित आणि फलित दोन्ही मावत. सिद्धांत, संहिता आणि होरा असे त्याचे तीन स्कंध मानलेले होते. तिसरे कारण इंग्रजीत आहे आणि ते फार मजेदार आहे. बायॉलॉजी, जिऑलॉजी, झूलॉजी ही सगळी शास्त्रे 'लॉजी'ने संपतात. मग विद्यार्थ्याने ॲस्ट्रॉलॉजीला शास्त्र मानले, तर त्याचा तर्क चुकला असे म्हणता येत नाही. इंग्रजीचेच धागे उलटे विणले गेले आहेत. युरोपातही हा भेद उशिरा पक्का झाला. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा केप्लर कुंडल्या मांडत असे आणि त्याची एक कुंडली वालेनस्टाइन या सेनानीसाठी होती.

जंतर मंतरच्या या कहाणीत मराठी माणूस चांगला ठसठशीत आहे. जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय ज्योतिर्विद होते. त्यांनी अरबी आणि फारसी शिकून युक्लिडच्या भूमितीचे 'रेखागणित' या नावाने संस्कृतात रूपांतर केले. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट'वरून 1732 मध्ये 'सम्राट सिद्धांत' सिद्ध केला, तोही अरबी आवृत्तीवरून. ग्रीकातून अरबीत आणि अरबीतून संस्कृतात शब्द आणताना जवळजवळच्या किती संज्ञा त्यांना वेगळ्या ठेवाव्या लागल्या असतील! चकवणाऱ्या शब्दांशी झुंजणारे ते जयपूरचे एक जुने विद्यार्थीच. त्यांना एक सोय मात्र होती: दोन्ही शब्दांमागची आकृती त्यांच्यापुढे काढलेली होती.

आमेरच्या किल्ल्याचे इंग्रजी नावही असेच फसवे. स्पेलिंगमध्ये 'बी' असल्याने परदेशी माणूस 'अँबर' वाचतो आणि त्याला राळेचा पिवळा जीवाश्म खडा आठवतो, जो खाली बाजारात विकायला असतोच. नावाचा त्या खड्याशी काही संबंध नाही. ते अंबामाता किंवा अंबिकेश्वर यांच्याशी जोडले जाते आणि तिथले लोक 'आमेर'च म्हणतात. वाळवंट आणि जेवणानंतरचा गोड पदार्थ यांचीही राजस्थानात रोज गाठ पडते. एक 'एस' असलेल्या शब्दात जोर आधीच्या अक्षरावर, दोन 'एस' असलेल्यात नंतरच्या. घेवर हा दोन 'एस'वाला. आणखी एक जोडी जयपूरच्या नावाशी बांधली गेली आहे. 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट हा 'प्रॉस्थेसिस', म्हणजे नसलेल्या अवयवाच्या जागी बसवलेला. पोलिओने कमजोर झालेल्या पायाला आधार देणारे कॅलिपर हे 'ऑर्थोसिस'. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा आणि दोन्ही एकाच केंद्रात मिळतात. पण ज्याच्या पायाला ते लागते, तो कधी चुकत नाही.

मग हे शब्द शिकवायचे कसे? गोपालपुरा बायपासवर स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांची रांगच आहे, पुण्यात सदाशिव पेठेत दिसते तशी. तिथल्या मार्गदर्शक पुस्तकांत शब्दजोड्यांचा एक धडा ठरलेला. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जुळा, खाली एकेक वाक्य, आणि अशा दोनशे जोड्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर किंवा रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर वाढलेल्या मराठी पिढ्यांनाही घोकंपट्टीची ही रीत अनोळखी नाही. राजस्थान सरकारने 2019 मध्ये महात्मा गांधींच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा सुरू केल्या. तिथे येणारी बरीच मुले घरात हिंदी किंवा ढुंढाडी बोलतात. त्यांच्या हातीही उद्या अशाच याद्या पडतील.

या याद्यांचा मोठा दोष असा, की ज्या दोन शब्दांची गल्लत होते तेच दोन शब्द त्या एकाच क्षणी समोर आणतात. हैफा विद्यापीठाच्या बाटिया लॉफर यांनी 1988 मध्ये अशा सारख्या दिसणाऱ्या शब्दांना 'सिनफॉर्म' असे नाव दिले आणि त्यांचे दहा प्रकार पाडले. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे शब्दसंपदेच्या शिक्षणातले मोठे नाव. त्यांनी 2000 साली लिहिले, की जवळचे शब्द एकत्र शिकवले तर ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. एक पक्का झाल्यावर मगच दुसरा आणावा. शिकवणीतल्या मुलाचा अनुभव याच्याशी जुळतो. मुख्याध्यापकाचा 'प्रिन्सिपल' 'ए-एल'ने की 'एल-ई'ने, असा प्रश्न आधी त्याला पडतच नव्हता. यादीने तो पाडला. आता प्रत्येक वेळी त्याची लेखणी थांबते. बँकेत कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला हाच शब्द मुद्दल म्हणून भेटतो, 'ए-एल'चाच. मुद्दल म्हणजे मुख्य रक्कम, मुख्याध्यापक म्हणजे मुख्य शिक्षक. तत्त्व या अर्थाचा शब्द त्याला सहा महिन्यांनी भेटला, तरी काही बिघडत नाही.

म्हणून पुढची पाने वाचताना यादी सलग वाचू नये. एका जोडीतला जो शब्द आपल्या कामात येतो, तेवढाच आधी घ्यावा, आठवडाभर लिहावा, बोलावा, आणि दुसऱ्याकडे तोवर ढुंकूनही पाहू नये. ज्या जोडीशी आपला काही संबंध नाही, ती खुशाल सोडावी.

शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. जयपूरला जशा खड्यांच्या आणि रंगांच्या जोड्या आहेत, तशा आपल्या प्रत्येक गावाला आहेत, पण कुणी त्या गोळा केलेल्या नाहीत. सोलापूरच्या मागावर ताण्याचा 'वॉर्प' आणि माल गुंडाळण्याचा 'रॅप' ही जोडी रोज एका छपराखाली असते. रोमन स्पेलिंगमध्ये त्यांची तीच चार अक्षरे नुसती जागा बदलतात. इचलकरंजीत कापसाच्या गासडीचा 'बेल' आणि कोर्टातल्या जामिनाचा 'बेल' एकाच व्यापाऱ्याला लागू शकतात. नाशिकमध्ये द्राक्षाची वेल आणि द्राक्षाची दारू यांच्या इंग्रजी शब्दांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा, आणि घाईत बोलताना तो सहज पुसला जातो. परदेशी खरेदीदाराला मळा दाखवणाऱ्या बागायतदाराला हा फरक आधी माहीत हवा. वर्गातल्या मुलांना एक दिवस बाजारात, मागावर, बागेत पाठवा. तिथे पाट्यांवर आणि पावत्यांवर ज्या जोड्या दिसतील त्या लिहून आणायला सांगा आणि आपल्या गावाची यादी त्यांतून करा.